तीन इंचांची बॉडी लिफ्ट उतरवताना: २००२ च्या फोर्ड रेंजरचं प्रकरण

गाडी २००२ ची फोर्ड रेंजर: एक्सएलटी, सुपरकॅब, फोर-बाय-फोर, ४.० लिटर व्ही-६ इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. ठिकाण अमेरिकेतलं ओहायो, म्हणजे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकणारा मुलूख. आधीच्या मालकाने तीन इंचांची बॉडी लिफ्ट टाकून ३३ इंची टायर चढवले होते. आताच्या मालकाला ट्रक मूळ उंचीवर हवा होता, कारण हौद्यात रोज सामान चढवायचं आणि गॅरेजच्या दारातून गाडी आत घ्यायची. काम घराच्या अंगणातच करायचं होतं. खड्डा नाही, रॅम्प नाही, माणसं दोन.

बॉडी लिफ्ट म्हणजे नेमकं काय, ते आधी स्पष्ट हवं, कारण बरेच जण सस्पेन्शन लिफ्टशी गल्लत करतात. रेंजरला वेगळी चेसिस आहे. कॅब आणि हौदा त्या चेसिसवर रबरी बुशांवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या रबरी गाद्यांवर, बसवून लांब बोल्टांनी आवळलेले असतात. बॉडी लिफ्टमध्ये बुश आणि कॅब यांच्यामध्ये तीन इंचांचे, म्हणजे ७६ मिलिमीटरचे, कडक प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवतात आणि तेवढेच लांब बोल्ट घालतात. चेसिस, इंजिन, अ‍ॅक्सल जिथे होते तिथेच राहतात. त्यामुळे मोठे टायर मडगार्डखाली मावतात, पण डिफरन्शियलखालची जागा ठोकळ्यांमुळे एक इंचही वाढत नाही. ती वाढते ती टायरमुळे. हौशी लोक आइस हॉकीच्या चकत्यांचाही ठोकळा म्हणून वापर करतात. ती चकती एक इंच जाड, तीन इंच व्यासाची आणि रबराची असते. तशा चकत्यांची चवड दिसली तर बोल्टही मिळेल त्या दुकानातले असणार, असं धरूनच पुढे जावं. या ट्रकवर मात्र तयार किट होतं.

लिफ्ट उतरवायची म्हणजे ठोकळे काढायचे, असा समज असतो. ठोकळे काढायला अर्धा दिवस पुरतो. बाकीचा सगळा वेळ किट लावताना जे कापलं, वाकवलं, लांबवलं आणि फेकून दिलं, ते जागेवर आणण्यात जातो. म्हणून पहिला बोल्ट सैल करण्याआधी खाली झोपून एक सविस्तर पाहणी करायची आणि सुटे भाग हातात आल्यावरच पाना उचलायचा. या ट्रकच्या पाहणीत दिसलं ते असं: पंख्याच्या प्लॅस्टिक कव्हरचा खालचा भाग करवतीने कापलेला, स्टिअरिंगच्या मधल्या शाफ्टला किटचा जोडतुकडा, पेट्रोल भरायच्या नळीत एक तुकडा जास्तीचा, दोन्ही बंपरांना उंच ब्रॅकेट, गिअरच्या दांडीला वाढीव जोड, कॅब आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची पट्टी लांब केलेली. कारखान्याचे मूळ बोल्ट, ब्रॅकेट यांतलं काहीही मालकाकडे नव्हतं. जुन्या गाडीत हे गृहीतच धरावं.

सुटे भाग कुठून आणायचे याचं उत्तर सोपं आहे. १९९८ नंतरच्या पिढीच्या रेंजरमध्ये बरेच भाग एकमेकांना लागतात, आणि माझदाची बी-सीरिज ही त्या काळात मुळात रेंजरच होती. फक्त तोंड आणि बोधचिन्ह वेगळं. त्यामुळे स्वतः खोलून न्यायच्या भंगारवाड्यात रेंजर मिळाली नाही तरी बी-३००० किंवा बी-४००० मिळते. तिथून बंपरचे ब्रॅकेट, कॅबचे आणि हौद्याचे पूर्ण बोल्ट वॉशरांसकट, आणि स्टिअरिंगचा मधला शाफ्ट घ्यायचा. पंख्याचं कव्हर मात्र त्याच इंजिनाच्या गाडीचं हवं, कारण इंजिनानुसार ते बदलतं. शाफ्ट गरज नसली तरी घ्यावा, कारण काही ठिकाणी जोडतुकडा वेल्ड केलेला निघतो आणि तो ग्राइंडरने वेगळा करून पुन्हा वापरण्याचा विचारही करू नये. रबरी बुश भंगारातले घेऊ नयेत, नवेच घ्यावेत. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात खरे, पण रोजच्या गाडीत चेसिसची थरथर कॅबमध्ये जास्त आणतात. इथे रबरच बरं.

बोल्टांबद्दल थोडं थांबणं भाग आहे. किटचे बोल्ट परत वापरता येतील असं वाटतं, पण येत नाहीत. ते तीन इंच जास्त लांब असतात. बोल्टची मान आट्यांशिवायची असते, आणि ठोकळा गेल्यावर ती मान नटापर्यंत पोहोचते. पाना घट्ट लागतो, टॉर्क पानाही (ठरलेला जोर पुरा झाला की आवाज करणारा पाना) ‘टक्’ करतो, पण बुश दाबलाच जात नाही. कॅब सैल राहते आणि बाहेरून कळत नाही. बोल्ट कापून वरून आटे पाडणं हाही उपाय नव्हे. नवे विकत घ्यायचे असतील तर डोक्यावर १०.९ कोरलेले, भंगारातल्या नमुन्याशी व्यास, लांबी आणि आट्यांचं अंतर जुळवून घ्यावेत. नमुन्याचा नट हाताने शेवटपर्यंत फिरला तरच आटे जुळले.

कामाच्या तीन-चार दिवस आधीपासून प्रत्येक बोल्टला गंज सोडवणारं तेल रोज मारायचं. डब्ल्यूडी-४० ऐवजी खास त्या कामाचं तेल घ्यावं. पेट्रोलची टाकी पाव किंवा त्याहून कमी ठेवावी. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय स्टिअरिंगपाशी हात घालू नये, तिथे एअरबॅग आहे. चाकं सरळ करून स्टिअरिंग सीट बेल्टने बांधून टाकायचं. शाफ्ट सुटलेला असताना कोणी स्टिअरिंग सहज फिरवलं तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते, आणि मग डॅशवरचा एअरबॅगचा दिवा विझवण्यासाठी वेगळा खर्च.

गाडी स्वतःच्या टायरांवरच उभी ठेवावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून. जॅक इथे चेसिस उचलायला नाही, कॅब चेसिसपासून अलगद वेगळी करायला लागतो.

हौदा आधी पूर्ण उतरवून ठेवावा. जागेवर ठेवूनही काम होतं, पण तो बाजूला गेला की कॅबचे मागचे माउंट, टाकीची नळी आणि चेसिसचा मागचा भाग उघडा पडतो, आणि गंज किती आहे हे एकदाचं दिसतं. टेललाइटचे कनेक्टर, नंबर प्लेटच्या दिव्याची वायर आणि पेट्रोलच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढायचे. या सहा फुटी हौद्याचे सहा बोल्ट टी-५५ टॉर्क्सचे, म्हणजे डोक्यात चांदणीसारखी खाच असलेले, आहेत. त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली असते. ती सुईने कोरून, बिट हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवल्याशिवाय जोर लावू नये. बिट अर्धवट बसला की खाचा गोल होतात आणि पुढचा तास ड्रिलपाशी जातो. हौदा उचलायला चार माणसं हवीत. त्या अर्ध्या तासापुरते शेजारी बोलवावेत.

पुढचा आणि मागचा बंपर काढून ठेवायचा. ते चेसिसला लागतात, कॅबला नाही. ते उंच ब्रॅकेटवर तसेच राहिले तर खाली येणारी बॉडी त्यांच्यावरच टेकते.

मग इंजिनाची बाजू. रेडिएटर कॅबबरोबर वर गेलेला असतो, पंखा मात्र इंजिनावर, म्हणजे चेसिसवर. किटवाले याचा मेळ दोन प्रकारे घालतात: रेडिएटर ब्रॅकेटने खाली आणतात, नाहीतर कव्हर कापतात. या ट्रकमध्ये कापलेलं होतं. कॅब खाली आणण्याआधी कव्हरचे बोल्ट काढून ते पंख्यावर मागे ढकलून मोकळं ठेवायचं. तसं न केल्यास उतरणारं कव्हर पात्यांवर बसतं. ज्या गाडीत रेडिएटर खाली आणलेला असेल तिथे तो कॅबच्या आधी मूळ खुंट्यांवर चढवावा लागतो. कापलेलं कव्हर परत लावणं चुकीचं ठरतं. गाडी तापणार नाही असं वाटतं, पण उन्हाळ्यात एसी चालू असताना वाहतूक थांबली की हवा रेडिएटरमधून ओढली जाण्याऐवजी खालच्या कापातून येते आणि काटा चढतो.

स्टिअरिंगचा जोडतुकडा कॅब उतरवण्याच्या आधीच काढावा. तो जागेवर राहिला आणि कॅब ७६ मिलिमीटर खाली आली तर शाफ्ट आणि रॅक (चेसिसवरची, चाकं वळवणारी यंत्रणा) एकमेकांना ढकलतात. शाफ्टची स्थिती आणि रॅकचं टोक यांवर रंगाच्या पेनाने रेघ मारायची, दोन्ही बोल्ट काढायचे, तुकडा बाजूला. आता शाफ्ट रॅकपर्यंत पोहोचत नाही आणि तसाच लटकत राहतो, ते ठीक आहे. कॅब खाली येताना एक माणूस फक्त त्याच्यावर नजर ठेवतो. परत जोडताना बोल्ट नवा आणि आट्यांवर लॉक करणारं द्रव.

याच टप्प्यावर गिअरच्या दांडीचा जोड, क्लचची हायड्रॉलिक नळी अडकवलेल्या पट्ट्या, पार्किंग ब्रेकच्या केबलचे क्लॅम्प आणि अर्थिंगची पट्टी सोडून ठेवावी.

कॅबचे बोल्ट

इथे घाई नको. या ट्रकमध्ये कॅबचे बोल्ट खालून वर जातात आणि कॅबच्या पोटात पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेल्या नटात आवळले जातात. नटाला फिरू न देणारा तो पिंजरा पातळ पत्र्याचा असतो, आणि मीठ सगळ्यात आधी तोच खातं. पहिल्याच बोल्टवर एअर गन किंवा बॅटरीची इम्पॅक्ट गन पूर्ण जोरात चालवली की नट पिंजरा फाडून आतल्या आत गरागरा फिरू लागतो. म्हणून लांब दांड्याचा पाना घ्यायचा. आधी किंचित आवळायच्या दिशेने द्यायचं, मग सैल, पुन्हा थोडं आवळ, पुन्हा सैल, मध्ये मध्ये तेल. बोल्ट ‘कर्र’ करत बाहेर येत असेल तर हेच करत राहावं. आगीचा बर्नर या जागी लावू नये. वर गालिचा आणि नमदा, बाजूला रबर, मागे पेट्रोलची नळी.

एवढं करूनही ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा नट फिरला. अशा वेळी लिफ्ट उतरवणाऱ्याला एक सोय असते जी लावणाऱ्याला नसते: ठोकळा भंगारातच जाणार आहे. पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीने (रेसिप्रोकेटिंग सॉ) ठोकळा उभा चिरून दोन तुकडे करायचे, मधला बोल्टचा दांडा उघडा पडतो, मग धातूच्या पात्याने तो कापायचा. कॅब मोकळी होते. राहिलेला नट नंतर निवांत काढता येतो. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी काढून गालिचा मागे घ्यायचा, खालच्या भोकावरून माप घेऊन फरशीवर खूण करायची आणि होल सॉने (गोल भोक पाडणारी करवत) फक्त वरचा पत्रा कापला जाईल इतकंच खोल, दोन इंचांचं भोक पाडायचं. त्यातून ग्रिप पान्याने जुना नट धरून काढला, नवा नट पट्टीवर वेल्ड करून आत बसवला. कडेला झिंकचा प्रायमर, वर रबरी बूच. वेल्डिंग पट्टीवर बाहेरच केलं, कॅबमध्ये नाही.

आता प्रत्यक्ष उतरवणं. सगळे बोल्ट आधी दोन-दोन फेरे सैल करायचे, पण काढायचे नाहीत. मग एका बाजूचे पूर्ण काढायचे आणि दुसऱ्या बाजूचे आट्यांत धरून ठेवायचे. तसं नसेल तर कॅब आडवी सरकते आणि भोकं जुळवायला पहार लागते. जॅकच्या डोक्यावर लांब, जाड फळी आडवी ठेवून उंबऱ्याखालच्या मजबूत कडेला आधार द्यायचा. फरशीच्या मध्यभागी जॅक लावला तर पत्रा आत जातो. कॅब इतकीच उचलायची की ठोकळ्यावरचा भार जाईल. पाव इंच पुरे.

एका बाजूला थेट तीन इंच खाली आणू नये. दुसऱ्या बाजूचे बोल्ट तिरके होऊन अडकतात आणि त्यांचे नट दुखावतात. दोन टप्प्यांत उतरवावं, आणि त्यासाठी अमेरिकेत लाकडाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी टू-बाय-फोर पट्टी नेमकी उपयोगी पडते. नाव दोन इंचांचं असलं तरी तिची प्रत्यक्ष जाडी दीड इंच असते, म्हणजे ठोकळ्याच्या बरोबर निम्मी. तिचे तुकडे आधी कापून ठेवायचे. डाव्या बाजूचे ठोकळे काढून तिथे पट्टीचे तुकडे. मग उजवी बाजू: बोल्ट काढून थेट बुशांवर. मग पुन्हा डावी, पट्टीचे तुकडे काढून बुशांवर. दोन बाजूंमधला फरक कधीच दीड इंचाच्या वर जात नाही. उजवी बाजू बसली की लगेच तिचे मूळ लांबीचे बोल्ट हाताने चार-पाच आटे घालून ठेवायचे.

ठोकळा आणि पट्टी ढकलायला काठी वापरायची. कॅब आणि चेसिस यांच्यामध्ये बोटं घालायची नाहीत, जॅक कितीही भरवशाचा असला तरी.

प्रत्येक माउंटवर वरचा बुश, खालचा बुश, मधली नळी आणि वॉशर यांचा क्रम भंगारातल्या गाडीवरून फोटो काढून आणलेला असावा. किट लावताना हा क्रम बहुतेक वेळा बिघडलेला असतो. या ट्रकमध्ये पुढच्या उजव्या माउंटचा खालचा वॉशर गायब होता. दार बंद केल्यावर मागच्या कडेची फट वर अरुंद, खाली रुंद दिसत होती ती त्यामुळेच. सर्व बोल्ट हाताने लागल्यावरच क्रमाने, समोरासमोर आवळायचे, आणि शेवटचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्यायचा. आवळण्याआधी दारं, बॉनेट उघडझाप करून फटी पाहाव्यात. नंतर दुरुस्त करायला सगळं परत सैल करावं लागतं.

सैल झालेल्या नळ्या आणि वायरी

लिफ्ट लावताना सगळं ताणलं जातं, उतरवताना तेच सगळं सैल पडतं. ताण दिसतो, सैलपणा दिसत नाही. मास्टर सिलिंडरकडून चेसिसकडे जाणाऱ्या ब्रेकच्या धातूच्या नळ्या किटसाठी हाताने सरळ केलेल्या असतात. कॅब खाली आली की त्यांचा फुगा होतो आणि तो चेसिसच्या कडेवर घासतो. ब्रेक दाबल्यावर पायाखाली बारीक थरथर आली तर आधी तिथे पाहावं. नळीत मूळ वळण हळूच, मोठ्या त्रिज्येने परत आणायचं. एकाच जागी दोनदा वाकवलेली आणि गंजलेली नळी असेल तर बदलायचीच. क्लचची नळी आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर एक्झॉस्टपासून चार बोटं तरी दूर बांधावी.

पेट्रोलच्या नळीचा प्रश्न वेगळाच. किटचा जास्तीचा तुकडा काढला नाही, किंवा काढून रबर तसंच लांब ठेवलं, तर नळीला झोळ पडतो. झोळात पेट्रोल साचतं, हवा बाहेर जात नाही, आणि पंपावरची नोझल दर दोन सेकंदांनी बंद पडते. उपाय: नवी, पेट्रोलसाठीचीच नळी मूळ मापाची, सलग उतार ठेवून, आणि बरोबरची बारीक हवेची नळीही तशीच. पाण्याची रबरी नळी चालत नाही, पेट्रोल तिला फुगवतं.

गिअरच्या दांडीचा जोड काढल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. विशेषतः पहिला, तिसरा आणि रिव्हर्स. दांडी फरशीच्या भोकाच्या कडेला किंवा डॅशला टेकत असेल तर गिअर पूर्ण बसत नाही आणि भार आल्यावर सुटतो. किट लावताना ते भोक वाढवलेलं असेल तर खालचं रबरी बूट नवं लावावं, नाहीतर केबिनमध्ये एक्झॉस्टचा वास येतो.

हौदा चढवताना त्याच्या ठोकळ्यांचीही हीच गत. सहाही बोल्ट लावून, कॅब आणि हौदा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना टेपने मोजून, मगच आवळायचे. बंपर, ब्रॅकेट, पंख्याचं नवं कव्हर शेवटी. पंखा हाताने पूर्ण फिरवून चारही बाजूंनी साधारण इंचभर जागा आहे ना, हे इंजिन सुरू करण्याआधी पाहायचं.

चाकांची अलाइनमेंट बॉडी लिफ्टने बदलत नाही, त्यामुळे ती करावी लागत नाही. पण ३३ इंची टायर मावावेत म्हणून पुढच्या टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) कोणी ताणल्या असतील, तर गाडीचं नाक वर राहतं. त्या मूळ उंचीला आणल्या की अलाइनमेंट लागतेच. या ट्रकमध्ये त्या ताणलेल्या होत्या. हेडलाइटही तपासावेत: आधीच्या मालकाने उंचीमुळे झोत खाली वळवलेला असेल तर आता तो फार जवळ पडतो.

भारतातल्या वाचकांनी एक लक्षात घ्यावं. जिप्सी, थार यांच्यावरही बॉडी लिफ्ट टाकतात, आणि उतरवण्याचं गणित हेच. फरक कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. तिथे लिफ्ट उतरवण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

टायरांचा बंदोबस्त मात्र कॅब उतरवण्याच्या आधीच हवा. ३३ इंची टायर मूळ उंचीवर मडगार्डच्या मागच्या कडेला आणि बंपरच्या कोपऱ्याला घासतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की लगेच. या ट्रकला २४५/७५ आर१६ घातले, त्यांचा व्यास सुमारे ३०.५ इंच. फरक आठ टक्क्यांचा. आधीच्या मालकाने गाडीच्या संगणकात ३३ इंचांचं माप भरलं असेल तर आता स्पीडोमीटर आठ टक्के जास्त दाखवेल, ते मूळ मापावर आणावं लागतं. भरलं नसेल तर तो इतकी वर्षं कमी वेग दाखवत होता आणि आता आपोआप बरोबर येतो. जीपीएसशी ताडून पाहिलं की कोणतं ते कळतं. साधारण ८०० किलोमीटरनंतर, नवे बुश बसले की, कॅबचे आणि हौद्याचे सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने परत तपासावेत. रबर दबतं आणि पहिल्या आठवड्यांत बोल्ट थोडे सैल होतातच.